सासू वश करायचं अत्तर

"चाचा, सासू वश करायचं अत्तर आहे का तुमच्याकडे?"

खरं तर हळूच विचारायचं ठरलं होतं. पण हळू बोलणं श्यामलाला हल्ली जमतच नव्हतं. नववीपर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणायची तेसुद्धा शेजारच्या बाकावरचीला ऐकू येईल न येईल असं. दहावीत वक्तृत्वाची ढाल मिळाली, नानांनी खूश होऊन लेडीज सायकल घेऊन दिली, आणि त्या दिवसापासून पंचवटीपासून मेन रोडपर्यंत लोकांना दोन आवाज पाठ झाले. एक त्या सायकलच्या घंटीचा आणि दुसरा तिच्या मालकिणीचा.

तेव्हा प्रश्न निघाला तो थेट स्पर्धेतल्या आवाजात. भद्रकालीच्या मागच्या बोळातलं ते दुकान एवढंसं, की चाचा मांडी घालून बसले की उरलेल्या जागेत फक्त वासच मावावा. प्रश्न तिथून बाहेर पडला आणि बोळभर फिरून आला. समोर बांगड्या भरणाऱ्या बाईने मान वर केली. शेजारचा शिंपी शिवता शिवता थांबला.

पैज लावणाऱ्या दोघी मात्र सायकलीआड बसून तोंडात वेणीचं टोक कोंबत होत्या. एक नवसा. दिंडोरीहून मामाकडे शिकायला आलेली, सात नवसांनंतर झालेली आणि त्यामुळे घरात कुणालाच न भिणारी. दुसरी लता. ती सगळ्यालाच भ्यायची, पण मागे कधी राहायची नाही.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोणाची सासू?"

"माझी."

"लग्न झालं?"

"नाही अजून. पण तयारी असलेली बरी ना?"

चाचा इतके हसले की कपाटातल्या काचेच्या बुधल्या किणकिणल्या. "बेटी, सास को बस में करनेवाला अत्तर मेरे पास होता, तो पहली शीशी मैं अपनी बीवी को देता. तीस बरस से दोनों लड़ रही हैं, और मैं इधर दुकान में छुपा बैठा हूँ. ते नाही माझ्याकडे. बाकी बघा. बघायला काय जातंय?"

मग काय! खस, केवडा, मोगरा. चाचा काचेची काडी बुधलीत बुडवायचे आणि पोरींच्या उजव्या हातावर टेकवायचे. मनगटापासून कोपरापर्यंत जागा संपली, तेव्हा त्यांनी मागच्या फळीवरून एक काळपट तपकिरी बुधली काढली. "थंडीचे दिवस आहेत. हा घ्या, हिना."

तिघींनी डावं मनगट पुढे केलं. वास असा होता, जणू आजोळच्या फडताळात कुणीतरी ठेवणीतली शाल उलगडली. लता डोळे मिटून म्हणाली, "मला रडूच येतंय." नवसा म्हणाली, "मला भूक लागली." तिघींनी खाऊचे पैसे एकत्र करून करंगळीच्या पेराएवढी कुपी घेतली आणि ती श्यामलाने ठेवायची असं ठरलं, कारण तिच्या घरी अत्तराची कुपी कुणाच्या डोळ्यांवर आली नसती.

ते खरंच होतं. श्यामलाचे वडील, नाना, गंगेवर यात्रेकरूंच्या पूजा सांगत. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेवरचे नाना म्हटलं की टांगेवालेसुद्धा पत्ता न विचारता आणून सोडत. पूजेला आलेला यजमान देवासाठी अत्तर आणायचा, एक फाया देवाला लागायचा आणि उरलेली कुपी घरी यायची. देवघराच्या कोनाड्यात अशा अर्ध्यामुर्ध्या कुप्या कितीतरी पडलेल्या. अत्तर विकत घ्यायचं असतं हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

दुकानातून निघून तिघी घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. उरल्या पैशांची भेळ संपली, तशी नवसाने बोटं चाटता चाटता मनगट हुंगलं आणि ओरडली, "आगं, हे काय झालं? माझ्या हाताला गुऱ्हाळाचा वास येतोय! गरम गूळ! लय भारी!"

"गप गं. एकाच काडीचं तर लावलं."

"मंग हुंग ना."

हुंगलं. गूळच. लताचं हुंगलं, तर तिथे काहीच नाही, हिना आलाच नव्हता जणू. लताचा चेहरा पडला. "अत्तरसुद्धा मला सोडून गेलं." श्यामलाच्या हातावर मात्र अजून शालच होती. ती ऐटीत म्हणाली, "बघा. आमच्याकडे टिकतो. पिढीजात सवय आहे."

पिढीजात हा शब्द किती खरा ठरणार होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी दिवा लागला. श्यामला देवाला, मग आईला आणि मग आत्याला नमस्कार करायला वाकली.

यशोदाआत्या म्हणजे नानांची मोठी बहीण. केस पिकले, दात गेले, पण नाक असं शाबूत होतं की त्याचा गल्लीला धाक. कुणाकडे वांगं भाजतंय, कुणाची डाळ करपली, कुणाच्या बाळाला आज वेखंड लावलं, हे सगळं तिला ओट्यावर बसल्या बसल्या कळे, आणि मग सगळ्यांना कळे.

"थांब," आत्या म्हणाली. "हात बघू."

श्यामलाने हात दिला. आत्याने हुंगला. दुसऱ्यांदा हुंगला. मग मान न वळवता आईला हाक मारली, "इंदिरे, बाहेर ये. पोरीच्या हाताला सिगारेटचा वास येतोय."

"काहीतरीच काय, आत्या! अत्तर आहे ते," श्यामला म्हणाली, आणि तिने स्वतः मनगट नाकाशी नेलं. बघते तर काय, शाल गायब! तिच्या जागी शिळी, कडवट, दडपून बसलेली तंबाखू. एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या कोटाला येते ना, अगदी तशी. तिला इतकं नवल वाटलं की ती खो खो हसत सुटली.

ते हसणंच नडलं.

नानांना तंबाखूचं वावडं इतकं, की यजमानाच्या खिशात विडीचं बंडल दिसलं तर संकल्प सोडण्याआधी ते त्याला खिसा झाडून यायला लावत. ते आतून आले. मनगट हुंगलं आणि असे मागे सरले जणू विंचू दिसला.

"श्यामले, कुठे गेली होतीस?"

"अत्तराच्या दुकानात. हिना लावला. दुपारी छान होता, नाना. मग हा असा झाला."

"असा झाला? आपोआप?"

"आपोआप! नवसाच्या हातावर तर गूळ झाला."

"ऐक, ऐक," आत्या म्हणाली. "एकीच्या हातावर गूळ, एकीच्या हातावर सिगारेट. उद्या म्हणेल तिसरीच्या हातावर शेंगदाण्याची चटणी झाली."

याच घटकेला देवराम टांगेवाल्याने दारात यावं, हा निव्वळ दैवाचा खोडसाळपणा. उद्याच्या पूजेसाठी गुलाबपाणी आणायला नानांनीच त्याला बाजारात पाठवलं होतं. बाटली ओट्यावर ठेवत तो मोठ्याने म्हणाला, "नाना, पेढे नाय दिले आमाला! पोरीचं जमलं म्हना की."

"काय जमलं?"

"आता हे काय इचारनं झालं? मी बोळात घोडा धरून हुबा. ही आपली दुकानात. सासू वश करायचं अत्तर द्या म्हनती! आख्ख्या बोळानं ऐकलं. म्या म्हनलं, सासू हाय म्हंजी नवराबी आसंलच कुठंतरी."

नवरा, सासू आणि सिगारेट. नानांच्या डोळ्यांसमोर कोट घातलेला, धूर सोडणारा एक जावई उभाच राहिला. आईने पदर तोंडाला लावला. रडायला की हसू दाबायला, हे मात्र श्यामलाला कळलं नाही.

"पैज होती हो, नाना! नुसती पैज! मुलींनी सांगितलं विचार, म्हणून विचारलं!"

"मुलींनी सांगितलं विहिरीत उडी मार, तर मारशील?"

नानांनी अंगणात जाऊन सायकलला कुलूप लावलं आणि ती चिमुकली किल्ली जानव्याला बांधली. जानव्याला तिजोरीची किल्ली होती, देवळाच्या मागच्या दाराची होती. आता त्यांच्यात ही तिसरी. तिथे गेलेली वस्तू परत मिळत नाही, असा त्या घराचा अनुभव होता.

"सोमवारपासून शाळेत पायी जायचं," नाना म्हणाले. "यशोदाक्का पोचवायला येईल आणि आणायलाही."

श्यामलाला सगळं दिसलं. हातात छत्री, तोंडात स्तोत्र आणि फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीचा हात हुंगणारी आत्या. पुलावरून दोन्ही हात सोडून सायकल मारणारी, ढालवाली श्यामला त्या एका सोमवारी संपणार होती. पुन्हा 'हजर' पुटपुटायचं.

रात्रभर ती चिडली. पण सकाळी उठली ती एक गोष्ट ठरवूनच. वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं होतं, समोरच्याला खोटं पाडायचं नाही, त्याच्याच तोंडून बोलवून घ्यायचं.

नाना आंघोळ करून देवघराकडे निघाले, तशी ती कुपी घेऊन आडवी आली.

"नाना, अत्तराचा वास बदलत नाही ना?"

"नाही. पंचवीस वर्षं देवाला अत्तर लावतोय. सकाळी लावलेला मोगरा संध्याकाळी मोगराच असतो."

"देवाला घाम कुठे येतो, नाना?"

"तोंड बघा हिचं!" आत्या ओट्यावरून कडाडली.

पण नाना थबकले. देव पितळेचा होता, यात काही वाद नव्हता. आणि त्यांच्या स्वतःच्या हाताचं म्हणाल, तर फाया टेकवून झाला की लगेच हात धुवायचे, असा त्यांचा नेम.

"मग आज तुम्ही लावून बघा. डाव्या दंडाला, म्हणजे हात धुतलात तरी जाणार नाही. दुपारचा चहा होईपर्यंत हिनाच राहिला, तर मी आत्याचं बोट धरून शाळेत जाईन. बदलला, तर किल्ली माझी."

"पैजेनेच घोळ झालाय आणि पुन्हा पैज?"

"घाबरलात?"

नानांनी दंड पुढे केला. श्यामलाने काडी टेकवली. मग वळली, तो आई चुलीपाशी कणीक भिजवत बसलेली.

"आई, तुझापण."

"मला काय करायचंय अत्तर? हळदीकुंकवाला लावतात हाताला, आणि घरी आल्यावर पोळ्यांना बसायच्या आधी धुऊन टाकते. दिवसभर हात पाण्यात."

"म्हणून तर. कोपराच्या वर लाव आणि विसरून जा."

आईने आत्याकडे चोरून बघितलं आणि चोळीची बाही जरा वर सरकवली.

तो रविवार श्यामलाला संपता संपेना. खरं म्हणजे नानांच्या दंडावर काय होणार, हे तिला तरी कुठे माहीत होतं? लतासारखा उडून गेला तर? नाना म्हणतील, हिना होता, तो गेला, बदलला कुठे? की हिनाच राहिला तर? नाना पूजेला गेले, परत आले, जेवले, आडवे झाले. ती तीनदा त्यांच्या उशापाशी जाऊन नाक पुढे करून आली. तिसऱ्यांदा नाना डोळे न उघडता म्हणाले, "चहा झालेला नाही अजून." त्यांनी दंड तिला हुंगू दिला नाही आणि स्वतःही हुंगला नाही. पैज म्हणजे पैज.

एकदाचा चहा झाला. श्यामलाने आत्याला झोपाळ्यावर बसवलं आणि नानांचं उपरणं तिच्या डोळ्यांना बांधलं.

"हे कशाला गं?"

"नाकाची परीक्षा आहे, आत्या. गल्लीत तुझ्या नाकाला आव्हान देणारी आजवर जन्मली नाही, म्हणून विचारते. जमेल ना?"

आत्या ताठ बसली. "आण."

आधी आई. आत्याने श्वास घेतला, आणि तिचा चेहरा कसा हळूहळू मऊ झाला! "अगं बाई... कवठी चाफा. पाण्याच्या तांब्यात ठेवलेला. आमच्या चांदवडच्या घरी अंगणात होता. या दिवसांत कुठून आणलास?"

आई चकित. तिने बाही नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

नाना आता अस्वस्थ झाले होते. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी दंड पुढे केला.

आत्याने हुंगलं. मऊ झालेला चेहरा क्षणात करकचला. तिने तो दंड दोन्ही हातांनी घट्ट पकडला आणि ओरडली, "हाच तो! हाच तो मेला! सिगारेटवाला! कालचा तोच वास! गोविंदा, धाव, पकडलाय मी कार्ट्याला!"

नानांचं नाव गोविंद.

श्यामलाने उपरणं सोडलं. आत्याने आधी दंड पाहिला, मग दंडाच्या टोकाशी असलेला धाकटा भाऊ पाहिला. झोपाळा थांबला.

दारात देवराम यजमानांना स्टेशनवर न्यायला आला होता. तो घोड्याचा चाबूक काखेत धरून अदबीने म्हणाला, "म्हंजी नाना, बिड्या तुमीच वढता व्हय?"

"देवराम, टांग्यात बस जाऊन!"

नानांनी स्वतःचा दंड हुंगला आणि डोळे मिटून घेतले. तीच तंबाखू. शिळी, कडवट, कोटाची. आयुष्यभर जिला चार हात लांब ठेवलं, ती त्यांच्याच अंगातून निघाली होती, आणि लेकीला ती त्यांच्याकडूनच मिळाली होती. आत्याने गुपचूप कुपीचं बूच आपल्या मनगटावर घासलं होतं, आणि आता ते पदराखाली लपवत होती. उद्या तिच्या हातावर काय निघणार याची तिलाही भीती बसली असावी. भावाबहिणीचं रक्त एकच की!

"तुमच्यावर गेलेय मी, नाना," श्यामला शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली. "पिढीजात आहे."

नाना हसले नाहीत. पण मिशी हलली. मग एकदम त्यांना आठवलं आणि ते आईकडे वळले. "चाफा म्हणाली ना अक्का? बघू."

आईने हात पुढे केला. नाना वाकले आणि त्यांनी हुंगलं. मोठ्या बहिणीसमोर, वयात आलेल्या लेकीसमोर, भर दिवसा. आत्याने झोपाळ्याची कडी दुरुस्त करायला घेतली, जी मोडलेली नव्हती.

"अरे वा," नाना म्हणाले. एवढंच. पण सरळ व्हायला त्यांना जरा वेळ लागला.

आईचे कान लाल झाले. खाली रिकाम्या कपबश्या पडल्या होत्या. एरवी एव्हाना त्या विसळून पालथ्या पडल्या असत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि पदर सावरून झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "आज कपबश्या तुम्ही विसळा. मला हात ओला करायचा नाहीये."

घरात असं वाक्य याआधी कुणी ऐकलं नव्हतं. आत्याने नानांकडे पाहिलं. नाना जानव्याची गाठ सोडवण्यात गढले होते. किल्ली सुटली. त्यांनी ती श्यामलाच्या तळहातावर ठेवली, पण बोट मात्र वरच दाबून धरलं.

"सायकल घे. पण त्या बोळात पुन्हा जायचं नाही. आणि भलते प्रश्न विचारायचे नाहीत."

श्यामलाने किल्लीकडे पाहिलं. नानांच्या बोटाकडे पाहिलं. मग आईकडे. आई पुन्हा कोपर हुंगत होती, कुणी बघत नाही असं समजून.

श्यामलाने बोटाखालून किल्ली अलगद ओढून घेतली, अंगणाच्या पायरीवर चढून उभी राहिली आणि ढाल मिळवून देणारा आवाज लावला.

"नाना, आई, मी एक ठरवलंय. येत्या शनिवारी शाळा सुटली, की मी आईला सायकलवर मागे बसवून त्याच बोळात घेऊन जाणार आहे. यजमानांच्या उरल्यासुरल्या कुप्या पुरे झाल्या. खस, केवडा, मोगरा, सगळं तिच्या हातावर लावून बघायचं, आणि संध्याकाळपर्यंत तिने पाण्याला शिवायचं नाही. आणि नाना, तुमचा दुसरा शब्द मी मोडणार नाही. दुकानात मी एकही प्रश्न विचारणार नाही. प्रश्न आई विचारेल. 'चाचा, नणंद वश करायचं अत्तर आहे का तुमच्याकडे?'"